वंशावळीची मक्तेदारी

2 सप्टेंबर 2025 रोजी राज्य शासनाने हैदराबाद गॅझेटसंबंधीचा निर्णय काढला आणि मराठवाड्याच्या गावोगाव एका जुन्या प्रश्नाला नवी निकड आली: तुमच्या पणजोबांचे नाव काय, ते कोठे राहत, आणि त्याला कागद काय? तत्पूर्वी दोन वर्षे, म्हणजे सप्टेंबर 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेल्यापासून, तहसील कचेऱ्यांचे अभिलेख कक्ष, शाळांच्या कपाटांतील जुनी रजिस्टरे आणि भूमिअभिलेख खात्यातील गाठोडी यांच्याकडे शासनाचे आणि लोकांचे लक्ष वळले होतेच. आरक्षणाची मागणी न्याय्य की अन्याय्य, हा या लेखाचा विषय नव्हे; त्यावर पुष्कळ लिहून झाले आहे आणि यापुढेही लिहिले जाईल. मला सांगावयाचे आहे ते या धांदलीत दुर्लक्षित राहिलेल्या एका गोष्टीविषयी. आपला पूर्वज शोधणे ही एक विद्या आहे. ती शिकावी लागते, आणि आजवर ती मूठभरांच्याच हाती राहिली आहे. ती गावाच्या मालकीची करण्याची वेळ आज आली असता आपण ती केवळ दाखल्यापुरती वापरून बाजूस टाकीत आहोत.

आमची तामलवाडी सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर, जिल्ह्याच्या अगदी तोंडाशी आहे. 1947 पर्यंत सोलापूर हा इंग्रजी मुलूख आणि आम्ही 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. सीमा नकाशावर होती. सोयरिकींत ती कधीच नव्हती. आमच्या गावच्या मुली तिकडे दिल्या जात, तिकडच्या इकडे येत. पेठ सोलापूरची, देवी तुळजापूरची, अशी आमची विभागणी. रझाकारांच्या धामधुमीत सीमेलगतच्या गावांतील कित्येक कुटुंबे मुलाबाळांसह सोलापूरच्या बाजूस गेली आणि 13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय फौजांनी सोलापूरकडून येऊन नळदुर्ग घेतल्यानंतर परतली. काही तिकडेच राहिली. सीमेवरच्या गावाचा हा इतिहास घराच्या वंशावळीत कसा उतरतो, हे मला पुस्तकांतून समजले नाही. ते समजले गेल्या दोन हिवाळ्यांत, रविवारच्या सकाळी गावातल्या एका ओसरीवर.

तेथे आम्ही सहा-सातजण जमतो. मंडळाला नाव नाही, पावतीपुस्तक नाही, अध्यक्ष नाही. (अध्यक्ष नसलेले मंडळ महाराष्ट्रात किती दिवस टिकेल, ही शंका मलाही आहे.) एक सेवानिवृत्त शिक्षक आहेत. ते मुसलमान, उर्दू ते वडिलांकडून शिकले. माझी एक विद्यार्थिनी आहे, तिने पुराभिलेख खात्याचा मोडीचा वर्ग पुरा केला आहे. एक जुने पोस्टमन आहेत, त्यांना लिपी कोणतीच वाचता येत नाही, पण पंचक्रोशीतील प्रत्येक घराची भाऊबंदकी तोंडपाठ आहे. बाकीचे आम्ही शिकाऊ. मी अर्थशास्त्र शिकवितो. इतिहासाशी माझा संबंध बी. ए.च्या पहिल्या वर्षापुरता.

शिकण्याचा पहिला धडा असा की वरून खाली उतरावयाचे नसते, खालून वर चढावयाचे असते. नवखा माणूस कोणत्या तरी पराक्रमी पुरुषापासून आरंभ करतो आणि आपल्यापर्यंत येऊ पाहतो. मध्ये दोन-तीनशे वर्षांची दरी असते, ती तो अभिमानाने भरून काढतो. खरी रीत उलट. आधी स्वतःचा दाखला, मग वडिलांचा शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, मग आजोबांची नोंद; जेथे कागद थांबेल तेथे आपणही थांबावे. घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीला आधी विचारावे, पुरुषाला नंतर, कारण पुरुष जमिनीचा हिशेब सांगतो आणि बाई माणसांचा. हे पोस्टमनचे मत. मला ते प्रत्येक वेळी खरे वाटले आहे.

दुसरा धडा कालगणनेचा. निजामी कागदांवर फसली सन असतो. त्यात 590 मिळविले की इसवी सन निघतो, एवढे आम्ही ऐकून होतो. परंतु निजामी फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास आजूर महिन्याने सुरू होते. म्हणून जानेवारीपासून पुढच्या महिन्यांना 591 मिळवावे लागतात. हे ध्यानात न घेतल्याने आमच्या पहिल्याच तक्त्यात एका बाईचे लग्न तिच्या थोरल्या मुलाच्या जन्मानंतर लागले. ते तिच्या नातवाने पाहिले आणि मोठाच प्रसंग ओढवला. 1357 फसली म्हणजे ऑक्टोबर 1947 ते ऑक्टोबर 1948, हे आता आमच्यातील कोणीही झोपेतून उठून सांगेल.

तिसरा धडा नावांचा, आणि तो सर्वांत कठीण. जुन्या नोंदींत आडनाव बहुधा नसतेच. इंग्रजी मुलुखातील मोडी कागदांत ‘तुका बिन रामा’, आमच्याकडील कागदांत ‘तुका वल्द रामा’. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची आपली चाल असल्याने एकाच घरात रामाचा तुका, तुकाचा रामा, रामाचा पुन्हा तुका अशी माळ चालते. आणि चुलत घरीही तीच माळ, तीच नावे. गेल्या उन्हाळ्यात एका कुटुंबाला अशीच नोंद सापडली. तुका वल्द रामा, जातीच्या रकान्यात कुणबी. घरात आनंद झाला, कारण मुलाच्या प्रवेशाची मुदत तोंडावर होती. कागद वाचून देणाऱ्या शहरातील एका गृहस्थास त्यांनी त्यापूर्वीच बरीच रक्कम दिली होती. आमच्याकडे ते केवळ खात्री करून घेण्यास आले.

आम्ही सर्व्हे नंबर पाहिला. तो ओढ्याच्या अंगाचा निघाला. या कुटुंबाची जमीन माळाकडची. 1954-55 च्या खासरा पाहणीत ओढ्याकडच्या त्या नंबरावर चुलत शाखेचे नाव होते आणि पुढे फेरफारही त्यांचेच. म्हणजे तुका खरा, रामा खरा, कागद खरा; पण आजोबा दुसऱ्यांचे. ते सांगताना माझ्या तोंडाला कोरड पडली. गृहस्थ उठून गेले. सहा महिने त्यांच्या घरचे आमच्याशी बोलत नव्हते. ज्यांचा तो कागद होता, ती शाखा सोलापूरच्या गिरणीत कामाला जाऊन तेथेच वसलेली; त्यांनी कधी शोध घेतलाच नव्हता. आम्ही त्यांना पत्र घातले, तेव्हा त्यांनाही प्रथम संशयच आला की हे लोक पैसे किती मागणार!

हा प्रसंग मी मुद्दाम विस्ताराने सांगितला. गरजेपोटी होणाऱ्या शोधाला एक जन्मजात दोष असतो. उत्तर आधी ठरलेले असते आणि कागद त्या उत्तराकडे वाकविला जातो. वाचणारा एकटा असेल, त्याला मोबदला होकाराचाच मिळत असेल, तर तो नकार कशाला देईल? पुसट झालेल्या ‘कु’ या एका अक्षरावर कोणी काय वाचावे, याची किंमत आज बाजारात ठरते. अर्थशास्त्रात आम्ही मुलांना सांगतो की एका पक्षापाशी माहिती आहे आणि दुसऱ्यापाशी नाही, तेथे सौदा सरळ होत नाही. वैद्य आणि रोगी, वकील आणि अशील ही पुस्तकातील उदाहरणे. मराठवाड्यात त्यात मोडी-उर्दू वाचणारा आणि शेतकरी, या जोडीची भर घालावयास हरकत नाही. उपाय वाचणाऱ्याला शिव्या देण्यात नाही. वाचणारे वाढविण्यात आहे.

ही मक्तेदारी आजची नव्हे. महाराष्ट्रात वंशावळी लिहिल्या गेल्या त्या मुख्यतः वतनांसाठी. पाटीलकी, कुळकर्ण, देशमुखी यांचे तंटे गोतसभेपुढे जात, महजर होत, आणि वडील शाखा कोणती हे सिद्ध करण्यासाठी पिढ्या मांडल्या जात. ज्याला वतन होते त्याला वंश होता. ज्याला काही मिळावयाचे नव्हते त्याच्या आजोबांची नोंद करण्याचे कोणाला कारण नव्हते. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून माळ्यांवरची दप्तरे मिळविली, 1898 पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापली, 1910 मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. हे ऋण न फिटणारे आहे. पण दप्तर असावयास आधी माळा असावा लागतो आणि माळ्यासाठी वाडा. पुढे विसाव्या शतकात कुलवृत्तान्तांची परंपरा आली. कुळातील मंडळींनी वर्गणी काढून, शेकडो पत्रे लिहून, वंशवृक्ष जुळवून जाडजूड ग्रंथ सिद्ध केले. त्यांचा चिकाटीचा गुण घेण्यासारखा आहे. त्यांची मर्यादाही तितकीच स्पष्ट: एक आडनाव, एक कूळ, आणि बहुधा लिहिणावाचण्याची परंपरा असलेल्या जाती.

सामान्य कुणब्याची, माळ्याची, धनगराची नावे कोणी जपलीच नाहीत, असे मात्र नाही. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या नामावळीत यात्रेकरूंच्या पिढ्या लिहिलेल्या आहेत. कर्नाटकाच्या सीमाभागात आणि दक्षिण महाराष्ट्रात हेळवी बैलावर बसून दारोदार येतो, घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवितो, नवी नावे घालून घेतो आणि धान्य घेऊन पुढच्या गावाला जातो. तो भटका, पण शेकडो स्थायिक घरांची स्मृती त्याच्यापाशी. हा रोख व्यवहार होता आणि प्रामाणिक होता. प्रत्येक पिढीने थोडे थोडे दिले म्हणून नोंद टिकली. आज हेळव्याचा मुलगा शहरात मजुरी करतो. त्याला दोष कोणी द्यावा? अमेरिकेतील यूटा राज्याच्या वंशावळी संस्थेने हरिद्वारसारख्या क्षेत्रांतील पंड्यांच्या वह्यांची छायाचित्रे घेण्यास 1970 नंतरच्या दशकातच आरंभ केला. आपल्या पूर्वजांच्या नोंदींचे मोल सातासमुद्रापलीकडच्या लोकांस आपल्याआधी कळावे, याचे वैषम्य वाटते.

इंग्लंडात ही विद्या उमरावांच्या हातून सामान्यांकडे कशी आली, ते पाहण्यासारखे आहे. तेथे 1538 पासून प्रत्येक धर्मक्षेत्रातील चर्चने बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवावी असा हुकूम होता. त्यामुळे मजुराचेही नाव कागदावर आले. 1911 मध्ये लंडनला वंशावळी अभ्यासकांची संस्था स्थापन झाली, तरी खरा बदल झाला तो पुढे, परगण्या-परगण्यांत स्थानिक मंडळे निघाली तेव्हा. 1974 मध्ये त्यांचा महासंघही झाला. या मंडळांतील निवृत्त कारकून, शिक्षिका, खाणकामगारांची मुले यांनी काय केले? थडग्यांवरची नावे उतरवून घेतली, रजिस्टरांच्या नकला केल्या आणि वर्णक्रमाने सूची बनविल्या. स्वतःचा आजोबा शोधता शोधता दुसऱ्यांच्या हजार आजोबांची नावे लिहून ठेवली. नव्या सभासदाला जुन्याने हाताशी धरून शिकविले. सूची एकदा झाली की ती कोणी वापरल्याने झिजत नाही.

आमच्याकडे चर्चची रजिस्टरे नाहीत, पण साधने अगदीच नाहीत असेही नव्हे. जन्म-मृत्यूची कोतवाल बुके आणि गाव नमुना नंबर 14 आहेत, शाळांची जनरल रजिस्टरे आहेत, खासरा पाहणी आहे, 1950 च्या हैदराबाद कूळकायद्याखालील कुळांच्या नोंदी आहेत, मतदारयाद्या आहेत. उलट ज्या हैदराबाद गॅझेटचा एवढा बोलबाला झाला, त्यात जमातींची संख्या आहे, माणसांची नावे नाहीत. संख्येवरून आजोबा सापडत नाही. हे लोकांना कोणी सांगितले पाहिजे, आणि ज्याला दाखला विकावयाचा आहे तो ते सांगणार नाही.

येथे शासनाच्या कामाविषयी एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. शिंदे समितीच्या निमित्ताने अधिकारी-कर्मचाऱ्यांनी कचेऱ्यांतील अफाट कागद उलटले, मोडी आणि उर्दू वाचणारे बोलाविले, आणि ज्या पानांवर कुणबी नोंदी मिळाल्या ती पाने जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढविण्यात आली. शोध एका शब्दाचा होता. म्हणून जी पाने पुढे आली ती त्या शब्दाची. परंतु त्याच बाडात पुढच्या पानावर मांग होता, न्हावी होता, तांबोळी होता, पारधी होता. बाड सोडले, धूळ झाडली, जाणकार माणूस समोर बसविला, हा सारा खर्च झालेलाच होता. आणखी एक पान टिपण्याचा खर्च जवळजवळ शून्य. तो न करता बाड पुन्हा बांधून ठेवणे, हे मला अर्थशास्त्राचा शिक्षक म्हणून समजत नाही आणि नागरिक म्हणून पटत नाही.

कारण पुरावा काही एकाच समाजाला मागितला जात नाही. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचे, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचे, इतर मागासवर्गीयांना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचे वास्तव्य दाखवावे लागते. जमीन असलेल्याच्या मागे सातबारा उभा असतो. ज्याच्या नावे गुंठाही नव्हता, ज्याचा बाप शाळेची पायरी चढला नाही, ज्याचे पाल दर आठ दिवसांनी हलत होते, त्याने 1961 सालचे वास्तव्य कशाने दाखवावे? आमच्या ओसरीवर अशी एक बाई आली. तिच्या सासऱ्याचे नाव अखेर सापडले ते मृत्यूच्या रजिस्टरात. जिवंतपणी कोणत्याही कागदाने त्याची दखल घेतली नव्हती, पटकीने घेतली. हे नाव त्या रजिस्टरात असेल असे तिला कोणी सांगितले नव्हते, आणि आम्ही ते रजिस्टर दुसऱ्याच कोणासाठी उतरवून घेतले नसते तर आम्हांलाही सापडले नसते. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात आमच्याच जिल्ह्यातील उमरगा-लोहाऱ्याकडे घरांबरोबर पेट्या गाडल्या गेल्या, त्या पेट्यांत कागद होते. आणि ज्यांना पिढ्या पाठ होत्या अशी म्हातारी माणसेही त्याच दगडांखाली गेली.

मग उरतात बायका. वारसनोंदीच्या तक्त्यात मुलगी आली तरी हक्कसोडपत्राने बाहेर जाते; 2005 च्या दुरुस्तीने तिला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला, तरी गावच्या वंशावळीत तिची फांदी अजून तोडलेलीच असते. सुनेचे तर माहेरचे नावही पुसलेले. आम्ही एक नियम केला: प्रत्येक पुरुषाच्या नावासमोर त्याच्या बायकोचे नाव आणि माहेरचे गाव लिहावयाचे, पाट लागला असेल तर तोही. दाखल्याच्या दृष्टीने हा उद्योग निरुपयोगी आहे, कारण जात वडिलांकडून मोजली जाते. पण त्यामुळे आमच्या तक्त्याचे रूपच पालटले. माहेरची गावे नकाशावर मांडली तेव्हा जुनी सरहद्द दिसेनाशी झाली. निम्मी गावे सोलापूरच्या बाजूस निघाली. घरचा कागद उर्दूत हरवला असेल तर मामाचा मोडीत सापडतो, आणि भाच्याचे वय तेथील लग्नाच्या यादीवरून लागते.

या विद्येने जातीचा अभिमान वाढेल, अशी भीती माझ्या एका सहकाऱ्याने बोलून दाखविली. भीती अनाठायी नाही. पाठीशी चार पिढ्या आल्या की काहींच्या मानेला ताठा येतो, हे आम्ही पाहिले. पण पाचव्या पिढीस दत्तक निघतो, सहाव्या पिढीस परगावाहून आलेला घरजावई निघतो, आणि ताठा आपोआप उतरतो. खरी अडचण वेगळी आहे. घरात झाकलेल्या गोष्टी कागदावर उघड्या असतात. कोणाला सोडून दिले, कोणाचे मूल कोणाच्या नावे लागले, हे आम्ही वाचतो. हयात माणसांविषयीचे काहीही बाहेर दाखवावयाचे नाही आणि मृतांविषयीचे घरच्यांना विचारल्यावाचून नाही, असे आम्ही ठरविले आहे. एकदा ते मोडले गेले, आणि मोडणारा मीच होतो. एका व्याख्यानात उदाहरण म्हणून बोलून गेलो. त्या घरी जाऊन क्षमा मागून आलो.

गावपातळीवर छाननीसाठी ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी यांची समिती नव्या निर्णयाने सांगितली आहे. तिघेही बदलीचे नोकर. आज जे ते शिकतील ते बदलीबरोबर जाईल. गाव मात्र तेथेच राहणार आहे. दर तालुक्याला एक खोली, आठवड्यातून एक दिवस रजिस्टरे पाहण्याची मुभा, मोडी आणि उर्दूचा वर्ग, आणि कोणाचेही बाड उघडले की ते पूर्ण टिपून घेण्याचा नियम, एवढे शासनाने द्यावे. नकला करण्यास माणसे मिळतील. आमच्या ओसरीवर बारावीची तीन मुले येतात. त्यांना परीक्षेत याचे गुण मिळत नाहीत, तरी येतात.

सध्या आमचे काम शाळेच्या सर्वांत जुन्या रजिस्टरावर चालले आहे. शिक्षक उर्दू शेरे वाचतात, विद्यार्थिनी लिहून घेते. शिक्षकांनी गावातील बहुतेकांच्या पिढ्या वाचून दिल्या. त्यांच्या स्वतःच्या आजोबांची नोंद अद्याप मिळालेली नाही. गेल्या रविवारी त्यांनी प्रथमच आपल्या आजीविषयी सांगितले. तिचे माहेर सोलापूरजवळचे, गावाचे नाव ‘हि’ने सुरू होणारे, एवढेच त्यांना आठवते. पोस्टमनांनी तशी चार गावे काढली आहेत. पौष सरला की त्यांपैकी पहिल्या गावी जाऊन यावयाचे ठरले आहे. ज्या गृहस्थाने सहा महिने आमच्याशी अबोला धरला होता, त्याने आपली जीप देऊ केली आहे.